चर्चा : जागतिक शांततेची आशा धरणं म्हणजे भाबडेपणा का?

रानजाई
मी एकोणीस वर्षांची आहे. जगात शांतता नांदू शकते असं म्हटलं की घरीदारी एकच उत्तर मिळतं, ‘अजून तू जग कुठं बघितलंयस!’ म्हणून आज माझ्या मनातलं राहू दे, घडलेलंच सांगते.

१९८२ च्या नोव्हेंबरात युरी आंद्रोपोव्ह सोव्हिएत संघाचे प्रमुख झाले. अमेरिकेत मेन राज्यातल्या सामंथा स्मिथ या दहा वर्षांच्या मुलीनं त्यांना पत्र लिहिलं. आधी नव्या कामाबद्दल अभिनंदन केलं आणि मग थेट विचारलं : तुम्ही युद्ध करायच्या बाजूचे आहात की नाही? नसाल, तर ते होऊ नये म्हणून काय करणार? आणि तुम्हाला सगळं जग, निदान आमचा देश, का जिंकायचाय?

पत्र ‘प्रावदा’ या सोव्हिएत कम्युनिस्ट पक्षाच्या वृत्तपत्रात छापून आलं. १९८३ च्या एप्रिलमध्ये आंद्रोपोव्ह यांचं उत्तर आलं आणि जुलैत सामंथा सोव्हिएत संघात गेली. क्रिमियातल्या आर्तेक या मुलांच्या शिबिरात ती तिथल्या मुलींच्याच खोलीत राहिली. १९८५ मध्ये विमान अपघातात ती गेली, तेव्हा तेरा वर्षांची होती.

पुढे डिसेंबर १९८७ मध्ये दोन्ही देशांनी मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांचा करार केला आणि १९९१ पर्यंत २,६९२ क्षेपणास्त्रं नष्ट केली. हे तिच्या पत्रामुळं झालं असं मी म्हणत नाही. पण असे प्रश्न लोकांनी जाहीरपणे विचारत राहिलं, तर सत्तेवरच्यांना उत्तर द्यावं लागतं, यावर माझा विश्वास आहे. माझी आशा ती हीच.

सह्यकडा
लिहिलंयस मनापासून, पण गोष्ट अर्धीच सांगितलीस. आंद्रोपोव्ह त्याआधी पंधरा वर्षं केजीबीचे, म्हणजे सोव्हिएत गुप्तचर संस्थेचे प्रमुख होते. सामंथा आर्तेकमध्ये होती तेव्हा त्यांचंच सैन्य अफगाणिस्तानात लढत होतं. ती परतल्यावर दोन महिनेही झाले नाहीत, तोच १ सप्टेंबरला सोव्हिएत लढाऊ विमानानं दक्षिण कोरियाचं प्रवासी विमान पाडलं. २६९ माणसं गेली. पाहुणी म्हणून बोलावलेल्या मुलीच्या हसऱ्या फोटोंचा उपयोग कुणाला झाला, तूच सांग. आणि ज्या क्रिमियात ते शिबिर होतं, तो २०१४ मध्ये रशियानं युक्रेनकडून बळानं घेतला.

फौजीचा_मुलगा
सह्यकडा, अगदी बरोबर. ताई, मी साताऱ्याकडचा. आमच्या भागात घरटी एक माणूस फौजेत. कारगिलच्या वेळी वडील सीमेवर होते. आई रोज रेडिओला कान लावून बसायची आणि गल्लीत पोस्टमन दिसला की हातातलं काम टाकून दारात यायची. शांतता आम्हालाच सगळ्यांत जास्त हवी आहे. पण १९९९ च्या फेब्रुवारीत लाहोरला हात मिळवले आणि मे महिन्यात कारगिलच्या शिखरांवर घुसखोर सापडले. पत्रं लिहून शिखरं परत मिळाली नाहीत. समोरचा घाबरून असला की शांतता टिकते, एवढंच मला माहीत.

मास्तर_विदर्भ
फौजीभाऊ, तुमच्या आईचं ते दारात येणं वाचून पुढं लिहायला जड जातंय. तरी एक सांगतो. ३१ डिसेंबर १९८८ ला भारत-पाकिस्तानात करार झाला, एकमेकांच्या अणुप्रकल्पांवर हल्ला करायचा नाही असा. त्यानुसार १९९२ पासून दर १ जानेवारीला दोन्ही देश आपापल्या प्रकल्पांची यादी एकमेकांना देतात. कारगिल झालं, मुंबईवर हल्ला झाला, पण पुढच्या १ जानेवारीला यादी गेलीच. प्रेम नसतानाही शब्द पाळता येतो. मुलांना नागरिकशास्त्र शिकवताना हे आवर्जून सांगावं असं मला वाटतं.

सह्यकडा
पण सर, यादी देऊन वैर कुठं संपलं?

रानजाई
वैर संपेल असं मी म्हटलंच नाही, दादा. १९८७ च्या करारात मला सगळ्यांत भावतं ते वेगळंच. त्यात कुणी कुणाच्या शब्दावर भिस्त ठेवली नव्हती. सोव्हिएत संघातल्या व्होटकिन्स्कच्या क्षेपणास्त्र कारखान्याच्या फाटकाशी अमेरिकी निरीक्षक मुक्काम ठोकून होते आणि अमेरिकेत युटातल्या मॅग्नाला सोव्हिएत निरीक्षक. बाहेर पडणारा माल तपासायचा, वर्षानुवर्षं. वैऱ्यानं वैऱ्याला आपल्या दारात बसू दिलं! ऐंशीच्या दशकाच्या मध्यात जगात साठ हजारांहून जास्त अण्वस्त्रं होती, आज बारा हजारांच्या आसपास आहेत. ही घट नुसत्या भीतीनं झाली नाही. भीती तर शस्त्रं वाढत होती तेव्हाही होतीच.

फौजीदादा, तुमच्या वडिलांनी शिखरं राखली म्हणून मी इथं बसून लिहितेय, हे मी विसरत नाही. पण तुमच्या मुलालाही तसंच जावं लागू नये, असं मागणं चूक आहे का?

फौजीचा_मुलगा
चूक नाही. माझा मुलगा चार वर्षांचा आहे, आणि हा प्रश्न मलाही पडतो. फाटकावरच्या निरीक्षकांचं मला माहीत नव्हतं, ते पटलं. पण त्याच करारातून २०१९ मध्ये अमेरिका बाहेर पडली, रशिया करार मोडतोय असं म्हणून. वर्षानुवर्षं तपासणी करूनही तो टिकला नाही. आमच्या सीमेवर तर फाटकाशी बसू देणारंच कुणी नाही. तशी तपासणी दोन्हीकडून सुरू झाली, तर सैन्य कमी करा म्हणणाऱ्यांत मीही असेन. तोवर नाही.

रानजाई
मग तपासणी सुरू करा, हे तरी आपण दोघं मिळून मागू या का? यादीत काय लिहिलंय ते एकदा समोरच्याला येऊन बघू द्या, एवढंच.