शब्दचर्चा : ढेकण्या म्हणजे नेमका कोणता किडा?

प्रश्न

काकांची काजूची बाग कुडाळजवळ आहे. परवा फोनवर म्हणाले, "यंदा ढेकण्या पडला गो, मोहोर करपून गेला." मी 'ढेकण्या' वाचला होता तो भातावरच्या किडींच्या माहितीपत्रकात. तिथल्या चित्रात लांबुळका, हिरवट-तपकिरी किडा होता. काकांनी सांगितलेला मात्र बारीक, डासासारखा, पाठ तांबडी. हा एकच किडा आहे की शब्द दोघांना मिळून वापरतात? आणि ढेकूण, पिठ्या ढेकूण यांच्याशी त्याचं काही नातं आहे का?

प्रतिसाद १

ताई, किडे दोन आहेत, शब्द एकच. भातावरचा तो लोंबीवरील ढेकण्या, शास्त्रीय नाव लेप्टोकोरायझा. दाण्यात दूध भरत असताना तो सोंड खुपसून रस ओढतो, मग दाणे पोचट राहतात. दीडेक सेंटीमीटर लांब असतो, हाताळला की उग्र वास सोडतो.

काजूवरचा हेलोपेल्टिस. तो जेमतेम सहा ते आठ मिलिमीटरचा. कोवळी पालवी, मोहोर, कोवळ्या बिया यांतून रस शोषतो. सोंड टोचली तिथे तपकिरी-काळा डाग पडतो, डिंकासारखा चीक येतो आणि फांदी शेंड्याकडून वाळत जाते. काका 'करपला' म्हणतात ते हेच.

ओळखायचं असेल तर रंग नंतर बघा, आधी पाठ बघा. हेलोपेल्टिसच्या पाठीवर टाचणीसारखी काडी उभी असते, टोकाला बारीकशी गाठ असलेली. वरून पाहिलं तर ती चटकन लक्षात येत नाही, म्हणून किडा बाजूने पाहायचा. साधं दहापट मोठं दाखवणारं भिंग पुरतं. भातावरच्या ढेकण्याला ही टाचणी नसते. मिशा दोघांच्याही लांब, त्यामुळे नुसत्या मिशांवर जाऊ नका.

प्रतिसाद २

शब्दाबद्दल थोडं. 'हेलोपेल्टिस' या नावातच ती टाचणी आहे. ग्रीकमध्ये 'हेलोस' म्हणजे खिळा आणि 'पेल्टे' म्हणजे लहान ढाल. पाठीवर पंखांच्या मुळांमध्ये जो त्रिकोणी तुकडा असतो त्याला लॅटिनमध्येही छोटी ढालच म्हणतात, त्याच्यावर हा खिळा उभा. मराठीत त्या तुकड्याला 'ढालिका' म्हणावं असं मला वाटतं. कुणी चांगला शब्द सुचवला तर आनंदाने घेईन.

'ढेकण्या' हे ढेकणावरूनच आलेलं दिसतं, आणि नातंही खरं आहे. घरातला ढेकूण आणि काजूचा ढेकण्या दोघेही अर्धपंखी गणातले, सोंडेने टोचून शोषणारे. एक रक्त पितो, दुसरा झाडाचा रस. वर्गीकरणात तर ढेकणाला भातावरच्यापेक्षा काजूवरचा जवळचा आहे. पिठ्या ढेकूण त्याच गणातला असला तरी बराच लांबचा, पांढऱ्या मेणाच्या भुकटीमुळे 'पिठ्या'. इंग्रजीत काजूवरच्याला 'टी मॉस्किटो बग' म्हणतात म्हणून कुणी त्याला 'चहाचा डास' लिहितं, ते मला अजिबात पटत नाही. तो डास नाही आणि माणसाला चावायला येत नाही. कोकणातला माणूस ढेकण्या म्हणतो, तेच बरोबर आहे. लिहिताना फक्त पुढे पीक जोडा, 'काजूवरील ढेकण्या'. गोंधळ तिथेच मिटतो.

प्रतिसाद ३

काजूवरचा म्हटलं तरी जात एकच नसते, एवढं जोडतो. भारतात काजूवर मुख्यतः हेलोपेल्टिस अँटोनाय: डोकं काळं, छाती तांबडी, पोट काळं-पांढरं. आसाम आणि उत्तर बंगालमधल्या डुआर्सच्या चहामळ्यांतला मुख्य तो थिव्होरा, त्याचं पोट हिरवट. तिसरा ब्रॅडी, तो अँटोनायसारखाच दिसतो. त्याच्या मागच्या पायाची मांडी बुडाशी पाहावी, तिथे फिकट पट्टा असतो. रंग नर-मादीत आणि एकाच जातीतही बदलतो, म्हणून खात्री करायची झाली तर अभ्यासक नराचं जननांग काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. बागायतदाराला तेवढं नको, टाचणी दिसली की काम भागतं.

मूळ प्रश्नकर्ती

काकांना बाजूने फोटो काढायला सांगितलं. मोठ्या किड्यांच्या पाठीवर टाचणी स्पष्ट आहे. पण एका कोंबावर तांबूस, लांब पायांची इवली पिल्लं आहेत, त्यांच्या पाठीवर काहीच नाही. काका म्हणतात तो वेगळा किडा, मुंगीचा प्रकार.

प्रतिसाद १

मुंगी नाही ताई, तीच पिल्लं. अगदी पहिल्या अवस्थेतल्या पिलाला टाचणी नसते, एकदा कात टाकली की दिसू लागते. पाच वेळा कात टाकून ते प्रौढ होतं. अंडी कोवळ्या देठात, मोहोराच्या दांड्यात रुतवलेली असतात. बाहेर फक्त दोन बारीक पांढरे केस दिसतात, एक लांब आणि एक आखूड. काकांना म्हणावं, त्या कोंबाचं देठ भिंगाखाली धरून असे केस दिसतात का ते बघा. दिसले तर अजून पिल्लं निघायची आहेत.