एमा गोल्डमन कोल्हापुरात वाचावी का?

राजारामपुरीची लेक:
आईनं तीस वर्षं ब्लाऊज शिवले, नगावर पैसे. दिवाळीच्या तोंडावर रात्री दीडला मशीनवरच तिची मान कलायची, बोटाला चिंधी बांधलेली. म्हणून एमा मला परकी वाटत नाही. १८६९ साली रशियन साम्राज्यातल्या कोवनोत जन्मली, १८८५ ला अमेरिकेत गेली. रोचेस्टरच्या कारखान्यात रोज साडेदहा तास ओव्हरकोट शिवायचे, हातात आठवड्याला अडीच डॉलर. वाढ मागितली, मालक नाही म्हणाला, हिनं काम सोडलं. पुढं अराजकवादी झाली, म्हणजे माणसावर कुठल्याच सरकारची सत्ता नको म्हणणारी. संततिनियमनावर बोलली म्हणून १९१६ मध्ये तुरुंगातही गेली. शिलाईकाम करणाऱ्या बायकांच्या बैठकीत तिच्यावर बोलायलाच हवं.

शिवाजी पेठकर:
ताई, तुमच्या आईचे कष्ट मान्य. पण सरकारच नको म्हणणारी बाई शाहूंच्या गावाला काय शिकवणार? १९१७ ला महाराजांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, पोर शाळेत न धाडणाऱ्याला दंड लावला. आमचे पणजोबा त्यामुळं अंगठ्यावरनं सहीवर आले. सत्ता हातात होती म्हणून हे झालं, नुसत्या भाषणांनी नसतं झालं. आणि १८९२ चं काय? तिचा साथीदार बर्कमननं फ्रिक या कारखानदारावर गोळ्या झाडल्या, त्या तयारीत ही सामील होती. २०१५ च्या फेब्रुवारीत आपल्या गावात सकाळी फिरून येणाऱ्या पानसरे अण्णांवर गोळ्या झाडल्या गेल्या. पिस्तुलाची वाट धरलेल्या कुणालाही इथं मोठं करू नका.

राजारामपुरीची लेक:
फ्रिकवरचा हल्ला चूकच. तो झाकून तिची ओळख करून देणार नाही. पण पुढचं बघा. १९१९ मध्ये अमेरिकेनं तिला २४८ जणांबरोबर बोटीत घालून रशियाला हाकललं. तिथं कामगारांचं म्हणवणारं राज्य, म्हणजे तिचीच माणसं. १९२१ मध्ये क्रोनश्टाटच्या आरमारी तळावरच्या खलाशांनी गुप्त मतदानाच्या निवडणुका मागितल्या, तर बोल्शेविकांनी, म्हणजे तिथल्या सत्ताधारी कम्युनिस्टांनी, त्यांच्यावर सैन्य घातलं. त्याच वर्षी ती देश सोडून निघाली आणि जे पाहिलं ते लिहिलं. जुने सोबती तुटले तरी मागं हटली नाही. आपल्याच बाजूच्या सत्तेला खोटं म्हणायला किती काळीज लागतं! सत्ता शाहूंच्या हाती होती तेव्हा ठीक, दुसऱ्याच्या हाती गेली की?

उद्यमनगरचा फिटर:
मी पेठकरांच्या बाजूनं. फौंड्रीत माझा हात भाजला तेव्हा विम्याच्या कार्डावर उपचार झाले. तो कायदा सरकारनंच केला.

राजारामपुरीची लेक:
दादा, तुमच्याकडं कार्ड होतं. घरी बसून नगावर शिवणाऱ्या आईच्या हातात कुणी कार्ड दिलं नाही. बैठकीला या, तिच्याशीच बोला.