मदत हवी आहे: ईस्ट बंगालची जुनी कात्रणे आणि एक कॅसेट वाचवायची आहे

नमस्कार मंडळी. मी गडचिरोली जिल्ह्यातील चामोर्शी तालुक्यात राहतो. आमच्या शेजारी पूर्व बंगालमधून विस्थापित होऊन आलेले एक कुटुंब राहत असे आणि त्या घरातील काकांमुळेच, घरी फुटबॉलचा गंधही नसताना, मी लहानपणापासून १९२० साली स्थापन झालेल्या कोलकात्याच्या ईस्ट बंगाल फुटबॉल क्लबचा चाहता झालो. २००३ साली संघाने जकार्तामध्ये थायलंडच्या बेक तेरो सासाना संघाला ३-१ असे हरवून आसियान चषक जिंकला, तेव्हा धानाच्या रोवणीचे दिवस असूनही काकांनी बांधीवरच्या सर्वांना पेढे वाटले होते. २०२४ साली संघाने सुपर कप जिंकला, तो दिवस पाहायला मात्र काका नव्हते. मी त्या रात्री खूप रडलो.

त्यांनी जमवलेली बंगाली वर्तमानपत्रांची कात्रणे आता माझ्याकडे आहेत. एका कॅसेटवर १९७५ च्या आयएफए शील्ड स्पर्धेच्या अंतिम सामन्यात कट्टर प्रतिस्पर्धी मोहन बागानवर मिळवलेल्या ५-० विजयाची हकिगत त्यांच्याच आवाजात आहे. कवेलूच्या घरात पावसाळ्याची ओल लागून कात्रणे एकमेकांना चिकटली आहेत आणि कॅसेटच्या फितीवर पांढरी बुरशी दिसते.

कात्रणे न फाटता सुटी कशी करावीत? बुरशी काढण्यापूर्वी कॅसेट टेपरेकॉर्डरमध्ये लावली, तर फीत खराब होईल का? चंद्रपूर किंवा नागपूर येथे असे काम जपून करणारे कोणी माहीत असल्यास कृपया कळवावे. कात्रणांपेक्षाही मला त्यांचा आवाज वाचवायचा आहे.