सही करण्याआधी: समुद्रात पडलेल्या विमानाचा दावा

प्रेषक: एक सभासद
विषय: घाईचं आहे, वकील हवा

मंडळी, नमस्कार.
इथे अमेरिकेत राहणाऱ्या, ओळखीतल्या एका मुलाचे आई-वडील त्याच्याकडून भारतात परत जाताना विमान अपघातात गेले. विमान भर समुद्रात पडलं. आता एअरलाइनकडून कागद आलाय: ठरावीक रक्कम घ्या आणि ‘संपूर्ण व अंतिम तडजोड’ म्हणून सही करा. मुलगा म्हणतो, काकू, माझ्यात भांडायचं त्राण नाही, सही करून मोकळा होतो. कुणाला यातलं कळत असेल तर कृपया लगेच लिहा.

—

उत्तर:

वहिनी, आधी त्याला फोन करा आणि सही थांबवायला सांगा. बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल.

त्या कागदात ‘एअरलाइन व इतर सर्व संबंधित’ अशा अर्थाचं वाक्य आहे का बघा. त्या ‘इतर सर्व’मध्ये विमान बनवणारी कंपनी येते, सुटे भाग पुरवणारी येते, देखभाल करणारीही येते. २०१८ मध्ये इंडोनेशियाच्या लायन एअरचं ६१० क्रमांकाचं विमान जावा समुद्रात कोसळलं, १८९ माणसं गेली. तिथल्या बऱ्याच वारसांपुढे असेच कागद ठेवले होते. रक्कम १२५ कोटी रुपिया, म्हणजे ऐंशी-नव्वद हजार डॉलर, जी तिथल्या नियमानुसार त्यांना तशीही मिळायलाच हवी होती. बदल्यात विमान बनवणाऱ्या बोइंगवरसुद्धा दावा करायचा नाही अशी अट. पुढे त्या विमानातल्या एमकॅस (विमानाचं नाक आपोआप खाली दाबणाऱ्या) यंत्रणेचा दोष जगासमोर आला, तेव्हा सही केलेल्यांना तोच कागद आडवा आला. नुकतं माणूस गेलेल्या घरात असे कागद पाठवणं मला अमानुष वाटतं.

आंतरराष्ट्रीय प्रवासाला १९९९ चा मॉन्ट्रियल करार लागतो. प्रत्येक प्रवाशामागे १,५१,८८० एसडीआरपर्यंतच्या नुकसानीसाठी (एसडीआर म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक; डिसेंबर २०२४ पासूनचा आकडा, साधारण दोन लाख डॉलर) एअरलाइनला ‘आमची चूक नव्हती’ म्हणता येत नाही. त्यावरच्या रकमेतून सुटायचं असेल तर आपली चूक नव्हती हे तिनेच सिद्ध करायचं. म्हणजे दोन लाख ही कमाल मर्यादा नाही. समोरून तसं भासवलं गेलं तर विश्वास ठेवू नका.

दावा अमेरिकेत चालला तर विमान किनाऱ्यापासून किती लांब पडलं हेही बघितलं जातं. १२ सागरी मैलांच्या पलीकडे असेल तर १९२० चा ‘डेथ ऑन द हाय सीज’ कायदा पुढे येतो. हा मुळात बोटींसाठी केलेला. त्यात फक्त पैशांचं नुकसान मोजायचे: गेलेला माणूस किती कमवत होता आणि घरी किती देत होता. शाळकरी मूल किंवा निवृत्त आई गेली तर हिशोब जवळजवळ शून्यावर यायचा. १९८३ मध्ये पाडल्या गेलेल्या कोरियन विमानातल्या २६९ जणांच्या वारसांपैकी जे कोर्टात लढले, त्यांना अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९९६ मध्ये हेच ऐकवलं. त्याच वर्षी टीडब्ल्यूए या अमेरिकन कंपनीचं ८०० क्रमांकाचं विमान न्यूयॉर्कजवळ समुद्रात पडलं. २३० बळींमध्ये एका शाळेच्या फ्रेंच क्लबची १६ मुलं होती. त्या घरांनी रेटा लावला, तेव्हा कुठे २००० साली कायदा बदलला. आता व्यावसायिक विमानाच्या बाबतीत सोबत, माया, आधार गमावल्याचीही भरपाई मागता येते. वारसांच्या शोकाची मात्र मिळत नाही, आणि जाणाऱ्याने शेवटच्या क्षणी भोगलेल्या यातनांचीही नाही. हे मला आजही पटत नाही.

—

उत्तर:

काकांनी सगळं नीट लिहिलंय, मुदतीचं तेवढं मी सांगते. मॉन्ट्रियल करारात दाव्याला दोन वर्षं मिळतात, विमान पोचायला हवं होतं त्या दिवसापासून. चौकशीचा अहवाल येऊ दे, मग बघू, असं म्हणत बसलात तर दावाच बुडेल. एअर फ्रान्स ४४७ जून २००९ मध्ये अटलांटिकमध्ये पडलं आणि त्याचे रेकॉर्डर (ब्लॅक बॉक्स) हाती लागले मे २०११ मध्ये. समुद्रातलं काम असंच चालतं.

देह मिळाले नसतील तर मृत्यूच्या दाखल्याचाही प्रश्न येतो. एअर इंडियाच्या ‘कनिष्क’ विमानात १९८५ साली ३२९ जण गेले, निम्म्याहून जास्त जणांचे देह मिळालेच नाहीत. मलेशिया एअरलाइन्सचं एमएच ३७० बेपत्ता झालं मार्च २०१४ मध्ये, आणि सगळे मृत असल्याचं मलेशिया सरकारने जाहीर केलं ते थेट जानेवारी २०१५ मध्ये. त्यानंतरच भरपाईची वाट मोकळी झाली. त्या मुलाला सांगा, तिकिटाच्या ईमेल जपून ठेव आणि आईचा कंगवा, वडिलांचा दात घासायचा ब्रश घर आवरताना टाकू नकोस. डीएनए जुळवायला लागतात.

—

प्रेषक: एक सभासद

सही थांबवली! ‘उत्पादक’ हा शब्द तिसऱ्या पानावर आहेच. आई-वडील व्हिजिटर व्हिसावर आले होते, जाण्या-येण्याचं तिकीट भारतातून काढलेलं. मुलगा इथला नागरिक आहे. मग दावा इथेच करायचा ना?

—

उत्तर:

वहिनी, इथे बरेच जण फसतात. मुलगा कुठला नागरिक हे करार विचारत नाही, प्रवाशाचं कायमचं घर कुठे होतं ते विचारतो. ग्रीन कार्डवर इथेच राहणारे आई-वडील असते तर गोष्ट वेगळी होती. त्यांचं घर भारतात, आणि परतीच्या तिकिटाचं अंतिम ठिकाणही भारतच धरलं जातं. त्यामुळे एअरलाइन अमेरिकन असल्याशिवाय तिच्यावर इथे दावा टिकणं कठीण. भारतात टिकेल, भारत २००९ पासून करारात आहे. विमान बनवणाऱ्या कंपनीवर दावा वेगळा करता येतो, पण अमेरिकन कोर्ट तो ‘दुसऱ्या देशात चालवा’ म्हणून परतही पाठवू शकतं. एमएच ३७० चे खटले २०१८ मध्ये वॉशिंग्टनच्या कोर्टाने असेच काढून टाकले. म्हणून दोन्ही देशांत काम करणारा, विमान अपघातांचे खटले चालवलेला वकील बघा. घरं विकताना कागद करून देणारा इथे उपयोगाचा नाही.

आणि घरखर्च अडला असेल तर तातडीची आगाऊ रक्कम मागायला लाजू नका. ती पुढच्या भरपाईतून वळती होते आणि ती घेतल्याने हक्क जात नाही. पावतीवर ‘आगाऊ’ लिहून घ्या, ‘अंतिम’ लिहिलेलं असेल तर परत पाठवा.