सल्ला हवा: प्रबंधाची पानं आपोआप वाढली, गिटमधून दोष कसा शोधू? (बजेट ५०० रु.)

तलावकाठ (नागपूर)
पूर्व विदर्भातल्या मालगुजारी तलावांवरचा मराठी प्रबंध झीलाटेकमध्ये (मजकूर कोडसारखा लिहून त्याची पीडीएफ बांधायची प्रणाली) लिहून राहिलो आहे, सगळा गिटमध्ये (फाइलींच्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन) आहे. दिवाळीत गाइडना पाठवलेली पीडीएफ २१४ पानांची होती, व्यवस्थित. आजची २३७. मधल्या काळात नवा मजकूर फार तर सात-आठ पानांचा. बिघाड असे:

१) प्रकरण १ ला दिवाळीपासून हात लावलेला नाही, तरी ते ३१ चं ३५ पानं झालं.
२) मजकुरात ‘आकृती ४.३’ यायला हवं तिथे ‘आकृती ४.२.१’ येतं. सगळीकडे नाही, काही आकृत्यांनाच.
३) शब्दसूचीत ‘शेतकऱ्यांचे हक्क’ ही नोंद दोनदा, वेगवेगळ्या पानांसह. दिसायला अगदी एकसारखी.

दिवाळीनंतर ३८० च्या आसपास कमिटा (गिटमध्ये नोंदवलेले बदल) आहेत, बहुतेकांवर ‘बदल’ एवढंच लिहिलंय. विंडोज १०, ४ जीबी रॅम. बजेट ५०० रुपये, त्यावर एक रुपया नाही. सोमवारी छापायला द्यायचं आहे. कोणतं साधन घेऊ?

बर्डीचा_बंटी
भाऊ, ४ जीबीत लाटेक चालवून राहिले? आधी एसएसडी आन ८ जीबीची पट्टी टाका. पळते मस्त. माझं मशीन तर एका मिनिटात पूर्ण पुस्तक बांधते.

तलावकाठ
बजेट ५०० आहे हो. आणि वेगाची तक्रार नाही.

बर्डीचा_बंटी
मग नुसती रॅम घ्या.

ओळनओळ
काहीही विकत घेऊ नका, साधन तुमच्याकडेच आहे: गिट बायसेक्ट. (कमांड इथे देवनागरीत लिहितोय, टाइप अर्थातच रोमनमध्ये करा.) ‘गिट बायसेक्ट स्टार्ट’, मग आजच्या स्थितीला ‘बॅड’, दिवाळीच्या कमिटीला ‘गुड’. गिट बरोबर मधली कमिट काढून देतं, तुम्ही बांधून बघायचं आणि चांगली-वाईट सांगायचं. दर वेळी निम्म्या कमिटा गळतात, म्हणून ३८० ला आठ-नऊ फेऱ्या पुरतात. शेवटी ‘गिट बायसेक्ट रीसेट’ विसरू नका, नाहीतर जुन्याच कमिटीवर बसून लिहीत राहाल.

पण परीक्षा नीट निवडा, सगळी गोम तिथेच आहे. ‘एकूण पानं २२५ पेक्षा जास्त’ ही परीक्षा फसवेल, कारण मजकूरही वाढत गेलाय. बायसेक्ट तुम्हाला २२५ चा आकडा कुठे ओलांडला ते दाखवेल, बिघाड कुठे झाला ते नाही. तुमच्याकडे आयता नमुना आहे, न बदललेलं प्रकरण १. तेवढंच बांधा. मूळ फाइलला हात न लावता झीलाटेकला कमांडमध्येच ‘इन्क्लूडओन्ली प्रकरण१’ आणि मग ‘इनपुट प्रबंध’ असं देता येतं. मजकूर तोच आणि पानं वेगळी, म्हणजे दोष मांडणीतला. बांधणीही काही सेकंदांत होते, ४ जीबीतसुद्धा.

स्क्रिप्ट लिहून ‘गिट बायसेक्ट रन’ केलं तर हात जोडून बसायचं फक्त. स्क्रिप्टनं शून्य परत दिलं तर चांगली, १ दिलं तर वाईट, १२५ दिलं तर ‘ही कमिट बांधलीच जात नाही, सोडून दे’. स्क्रिप्ट रेपोच्या (गिट सांभाळतं त्या फोल्डरच्या) बाहेर ठेवा, नाहीतर जुन्या कमिटीत गेल्यावर तीच गायब किंवा जुनी. पानांची संख्या लॉगमधून शोधू नका, लॉगची ओळ ७९ अक्षरांवर तुटते आणि शोध फसतो. पीडीएफची पानं सांगणारी पीडीएफइन्फो ही कमांड वापरा.

वर्डच_बरं
एवढा खटाटोप कशाला? वर्डमध्ये रिव्ह्यू, मग कंपेअर. दोन फाइली द्या, सगळे फरक लाल. मराठीला लाटेक हवंच कशाला म्हणतो मी.

तलावकाठ
माझ्याकडे वर्डची फाइल नाही.

वर्डच_बरं
तेच तर म्हणून राहिलो.

सौ_मुद्रितशोधक
दुसऱ्या मुद्द्याला बायसेक्ट लागत नाही. आकृतीत लेबल (मजकुरात तिचा आकडा आणणारी खूण) कॅप्शनच्या (आकृतीच्या शीर्षकाच्या) आधी लिहिलंय. आकृतीचा आकडा कॅप्शन वाढवतं, लेबल फक्त शेवटचा आकडा उचलतं. लेबल आधी आलं की त्याला मागच्या उपविभागाचा ४.२.१ मिळतो. ज्या आकृत्या बरोबर येतात तिथे लेबल कॅप्शनच्या खाली सापडेल. केव्हापासून उलटलं ते पाहायचं तर ‘गिट लॉग -एल’ ला त्या आकृतीच्या ओळींचे आकडे आणि फाइलचं नाव द्या, तेवढ्याच ओळींचा इतिहास येतो. कमिटांना नावं नसली तरी चालतं.

गोकुळपेठी
ओव्हरलीफचा (ऑनलाइन लाटेक) पैशाचा प्लॅन घ्या. जुन्या आवृत्त्या, गिट जोडणी, सगळं तिथेच. फुकट खात्यात इतिहास तुटपुंजा असतो.

तलावकाठ
५०० रुपये हो दादा.

गोकुळपेठी
विद्यार्थी सवलत बघा ना मग.

लोखंडी_पूल
बायसेक्ट करा. निम्मं निम्मं करत जातं, आठ-नऊ फेऱ्यांत सापडतं.

ओळनओळ
वर लिहिलंय तेच.

लोखंडी_पूल
हो, पण दोन फेऱ्यांच्या मध्ये ‘गिट क्लीन -एफडीएक्स’ पण मारा. जुन्या ऑक्स फाइली (बांधताना तयार होणाऱ्या मदतनीस फाइली) राहिल्या तर उत्तर चुकतं.

सौ_मुद्रितशोधक
थांबा, ते अजिबात मारू नका! त्यातला एक्स गिटइग्नोरमधल्या (गिटनं दुर्लक्ष करायच्या यादीतल्या) फाइलीही पुसतो. तलावकाठ भाऊ, तुमचे स्कॅन केलेले नकाशे आणि फोटो गिटच्या बाहेर असतील तर तेही जातील आणि गिटमधून परत येणार नाहीत. ऑक्स साफ करायला ‘लाटेकएमके -कॅपिटल सी’ पुरतं. क्लीनच हवं असेल तर आधी ‘-एनडीएक्स’ देऊन काय पुसलं जाणार त्याची यादी बघा.

लोखंडी_पूल
फोटो गिटमध्ये ठेवत नाही का कोणी?

गोकुळपेठी
ठेवू नये. प्रत्येक आवृत्ती साठते, रेपो फुगतो. १०० एमबीच्या वरची फाइल गिटहब घेतच नाही.

लोखंडी_पूल
नकाशे बदलतात कुठे रोज? एकदा टाकले की झालं.

ओळनओळ
फोटोंचं भांडण नवीन धाग्यात करा बाप्पा.

तलावकाठ, बायसेक्टच्या आधी एक गोष्ट करा, मी वर सांगितली नव्हती. ‘गिट वर्कट्री ॲड’ करून दिवाळीची कमिट वेगळ्या फोल्डरात काढा. चालू काम जसंच्या तसं राहतं. फोटोंचा फोल्डर तिथे हातानं कॉपी करा, कारण गिटबाहेरच्या फाइली वर्कट्रीत येत नाहीत. कॉपी केला नाही तर प्रत्येक बांधणी अडून १२५ येतो आणि बायसेक्ट ‘फक्त सोडलेल्या कमिटा उरल्या’ म्हणून थांबतो. आता ती दिवाळीची कमिट आजच्या मशीनवर बांधा. प्रकरण १ ची ३१ पानं आली तरच बायसेक्टला अर्थ आहे.

तलावकाठ
बांधली. ३५ येतात!

ओळनओळ
मग बायसेक्ट सोडा. पानं वाढण्याचा दोष कमिटांमध्ये नाहीच, मशीनवर आहे. तोच मजकूर तेव्हा ३१ आणि आज ३५ देतो, म्हणजे लाटेकची पॅकेजं (जोड-साधनं) तरी बदलली किंवा फॉन्ट तरी. दिवाळीची पीडीएफ आणि आजची पीडीएफ ॲक्रोबॅट रीडरमध्ये उघडा, प्रॉपर्टीजमध्ये फॉन्ट्सचा टॅब बघा. दोन्ही याद्या इथे टाका.

बर्डीचा_बंटी
विंडोज नव्यानं टाकलं का मधात?

तलावकाठ
हो, संक्रांतीच्या सुमारास. जुन्या पीडीएफमध्ये शोभिका, नव्यात नोटो सेरिफ देवनागरी. मी फॉन्ट बदललेला नाही!

ओळनओळ
प्रीॲम्बलमध्ये (फाइलीच्या सुरुवातीच्या सेटिंगांत) ‘इफफॉन्टएक्झिस्ट्स’ असं काही आहे का बघा. पुष्कळ टेम्प्लेटांत असतं: अमुक फॉन्ट असेल तर तो, नसेल तर तमुक. विंडोज नवं, शोभिका परत टाकला नाही, टेम्प्लेटनं गुपचूप दुसरा घेतला. एरवी फॉन्ट सापडला नाही तर फॉन्टस्पेक (फॉन्ट लावणारं पॅकेज) एरर देऊन थांबतं, इथे ती एररच दाबली गेली. दोन फॉन्टांच्या अक्षरांची रुंदी वेगळी, ओळी जास्त तुटतात, पानं वाढतात. २३ पानांचा हिशेब जुळतो: १५ च्या आसपास फॉन्टची, बाकी तुमचा नवा मजकूर.

तलावकाठ
आहे. सीनियरच्या टेम्प्लेटमधून आलंय.

ओळनओळ
ती अट काढा. शोभिका आयआयटी मुंबईचा, मुक्त परवान्याचा आहे, त्यामुळे रेपोत ‘फॉन्ट्स’ फोल्डर करून त्याची फाइल तिथेच कमिट करा आणि फॉन्टस्पेकला ‘पाथ’ म्हणून तो फोल्डर द्या. ‘स्क्रिप्ट=देवनागरी’ तसंच ठेवा, ते गेलं तर जोडाक्षरं सुटी पडतात. मग मशीन कोणतंही असो, फॉन्टपायी पानं बदलणार नाहीत.

वर्डच_बरं
वर्डमध्ये फॉन्ट एम्बेड करायची खूण असते सेव्हच्या ऑप्शनमध्ये. सांगून ठेवतो.

सौ_मुद्रितशोधक
तिसऱ्या मुद्द्याकडे कोणी बघेल का? दिसायला एकसारख्या दोन नोंदी म्हणजे आत वेगळी कोडं. मराठीतला ऱ्या दोन तऱ्हांनी टाइप होतो. एक, ऱ (युनिकोड क्रमांक यू+०९३१), हलन्त, य. दुसरा, साधा र, हलन्त, त्यानंतर न दिसणारा जोडक (यू+२००डी), मग य. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट-जे दाबलं की पहिला येतो. काही फोनेटिक कळफलक दुसरा देतात. शब्दसूचीला ते दोन वेगळे शब्द. एडिटरमध्ये ‘शेतकऱ्यांचे’ शोधलं तर अर्धेच सापडतील, करून पाहा.

तलावकाठ
खरंच अर्धेच सापडले. पण हे शिरलं कुठून?

ओळनओळ
‘गिट लॉग -कॅपिटल एस’ ला तो जोडकवाला तुकडा द्या. हा पर्याय ज्या कमिटीत त्या तुकड्याची संख्या बदलली तेवढ्याच दाखवतो. गिट बॅशमध्ये (गिटसोबत येणारी कमांडची खिडकी) डॉलर आणि एकेरी अवतरणात युनिकोडचे आकडे लिहा, डोळ्यांना न दिसणारं अक्षर चिकटवत बसू नका. सोबत ‘--रिव्हर्स’ दिलं की सर्वांत जुनी कमिट वर येते.

लोखंडी_पूल
एनएफसी करून टाका सगळ्या फाइली. युनिकोड नॉर्मलायझेशन. झालं.

सौ_मुद्रितशोधक
नाही होणार. एनएफसी र आणि खालचा नुक्ता यांचा ऱ करतं, पण जोडकवाल्या तुकड्याला हात लावत नाही. ते दोन क्रम युनिकोडच्या लेखी समान नाहीत. सरळ बदलच करावा लागतो: ‘र, हलन्त, जोडक’ शोधा, ‘ऱ, हलन्त’ टाका.

लोखंडी_पूल
मग जोडकच उडवा सगळीकडून, सोपं.

सौ_मुद्रितशोधक
काऊन बाप्पा! नुसता जोडक उडवला तर ‘शेतकऱ्यांचे’चं ‘शेतकर्यांचे’ होईल, य वर रफार चढेल. छापून आल्यावर दिसेल मग.
बदल केलात की तो एकट्यानं कमिट करा, दुसरं काही त्यात मिसळू नका. फरक बघताना ‘--वर्ड-डिफ’ लावा, नाहीतर एका ऱ्यासाठी अख्खा परिच्छेद लाल-हिरवा दिसतो.

गोकुळपेठी
एका ओळीत एक वाक्य लिहायची सवय असती तर वर्ड-डिफ लागलंच नसतं.

लोखंडी_पूल
असं वाचताना डोळे फुटतात.

तलावकाठ
सापडलं. फेब्रुवारीतली ‘गाइडचे बदल’ नावाची कमिट. त्यांची डॉक्स (वर्डची) फाइल पॅन्डॉकनं (फाइलींचं रूपांतर करणारं साधन) बदलून प्रकरण ४ मध्ये चिकटवली, तिथूनच जोडकवाले ऱ्या. आकृत्यांची उलटी लेबलंही त्याच कमिटीत.

ओळनओळ
पुढच्या वेळी डॉक्स जशी आली तशीच आधी कमिट करा, रूपांतर दुसऱ्या कमिटीत. डॉक्स म्हणजे झिप केलेलं एक्सएमएल, गिट ‘बायनरी’ म्हणून हात वर करतं. गिटॲट्रिब्यूट्स फाइलीत डॉक्सला डिफचं (फरक दाखवायच्या पद्धतीचं) एक नाव द्या आणि गिटच्या कॉन्फिगमध्ये त्याच नावाच्या ‘टेक्स्टकॉन्व्ह’ला (फरक दाखवण्याआधी साधा मजकूर काढणारी कमांड) पॅन्डॉक जोडा. मग गाइडनी काय बदललं ते ओळीनं दिसेल, चिकटवायच्या आधीच.

गोकुळपेठी
आणि फाइलींची नावं मराठीत असतील तर ‘कोअर.कोटपाथ’ फॉल्स करा. नाहीतर ‘प्रकरण४’ च्या जागी नुसते आकडे आणि तिरप्या रेघा दिसतात.

बर्डीचा_बंटी
छापून कुठं घेणार? महालात एक जण चांगलं बाइंडिंग करते. पीडीएफच न्या मात्र, तुमचे फॉन्ट त्यांच्या मशीनवर नसतात.

तलावकाठ
सगळ्यांचे आभार. ऱ्या आणि लेबलं दुरुस्त केली, सूचीत नोंद एकदाच येते. फॉन्ट मात्र परत बदलत नाही, नोटोच ठेवतो, २३७ पानांसह. गाइडनी दुरुस्त्या याच प्रतीवर पानांच्या आकड्यांनी दिल्या आहेत. आता शोभिका लावला की त्यांची यादी आणि माझी पानं जुळणार नाहीत.

ओळनओळ
निदान नोटोची फाइल तरी रेपोत टाका आणि ती अट काढा.

तलावकाठ
सोमवारनंतर.

ओळनओळ
दोन ओळींचं काम आहे!

वर्डच_बरं
राहू द्या हो, लाटेकवाल्यांचं असंच.

इतवारी_टायपिंग
धागा चालू आहे म्हणून विचारतो. श्रीलिपीतल्या जुन्या फाइली गिटमध्ये टाकल्या, डिफमध्ये सगळी रोमन अक्षरं आणि चिन्हं दिसतात. सेटिंग कुठलं?

सौ_मुद्रितशोधक
सेटिंग नाही. त्या फॉन्टात मराठी नुसती दिसते, आत रोमनचीच कोडं असतात. आधी युनिकोडमध्ये बदला. मूळ फाइल आणि बदललेली फाइल वेगवेगळ्या कमिटांत ठेवा, कारण रूपांतरात रफार आणि पहिली वेलांटी हमखास जागा सोडतात, ते मुळाशी ताडून बघावं लागेल. नवा धागा काढा आणि एक पान नमुना टाका.