जबरदस्तीचं लग्न: मुळातच रद्द धरावं, की कोर्टातून रद्द करून घ्यावं?

मलप्रभाकाठ
मुलीला उचलून नेऊन बोहल्यावर उभी करणाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम ८७ खाली १० वर्षांपर्यंत शिक्षा. लग्न मात्र कायम! हिंदू विवाह कायद्यात बळानं किंवा फसवून घेतलेल्या संमतीला कलम १२ लागतं. म्हणजे कोर्टाचा हुकूमनामा येईपर्यंत ती त्याची बायकोच. मुसलमानांत सज्ञान मुलीची कबुली नसेल तर निकाहच होत नाही. आमच्याकडं अक्षता पडल्या की संपलं? कलम ११ मध्ये घाला हे, मुळातच रद्दबातल.

टिळकवाडी
ऐकायला बरं वाटतंय, पण पुढचं बघा की. कलम ११ मधलं लग्न कायद्याच्या लेखी झालेलंच नसतं, आणि तसं दोघांपैकी कुणीही म्हणू शकतो. चार वर्षं संसार झाल्यावर नवराच उठून म्हणाला, 'माझ्यावर बापानं जबरदस्ती केली होती', आणि दुसरीशी लग्न लावून मोकळा झाला, तर? कलम १२ मध्ये किल्ली ज्याच्यावर बळजबरी झाली त्याच्याच हातात असते, तीही मुदतीत.

मलप्रभाकाठ
मग बालविवाहाचं काय ओ? कर्नाटकानं २०१६ च्या दुरुस्ती कायद्यानं बालविवाह प्रतिबंधक कायद्यात कलम ३(१अ) घातलं आणि तो लागू झाल्यापासूनचे बालविवाह मुळातच रद्द ठरवले. पलीकडं महाराष्ट्रातल्या चंदगडात केंद्राचाच कायदा: मुलीनं स्वतः अर्ज करायचा, तोही २० वर्षं पुरी व्हायच्या आत. आपल्याकडं आभाळ कोसळलं नाही.

टिळकवाडी
वय शाळेच्या दाखल्यावरून ठरतं. बळजबरीला दाखला कुठला आणणार? शेवटी साक्षी-पुरावा आला, म्हणजे कोर्ट आलंच.

खानापूर रोड
मध्येच विचारतो. मुलगा-मुलगी राजी आहेत, मुलीच्या वडिलांची संमती नाही. लग्न कच्चं राहतं का?

निपाणीकर
नाही. मुलगी १८ ची, मुलगा २१ चा असला की वडिलांची संमती लागत नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या मुरगोड ठाण्यात एका सज्ञान मुलीच्या घरच्यांनी ती बेपत्ता असल्याची तक्रार दिली होती. तिनं लग्न केलंय हे कळल्यावरही पोलीस तिला जबाबाला ठाण्यातच बोलवत राहिले. २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टानं तपास अधिकाऱ्याला झापलं आणि दोन सज्ञान राजी असल्यावर घरच्यांची, जातीची संमती लागत नाही असं स्पष्ट सांगितलं. विशेष विवाह कायद्यानं करणार असाल तर दोघांपैकी एकजण त्या जिल्ह्यात आधी ३० दिवस राहिलेला हवा, मग ३० दिवसांची नोटीस, आणि ३ साक्षीदार.

आता मूळ वाद. कलम ११ की १२ यावर भांडण्यात माझ्या मते फार अर्थ नाही. खरी गळचेपी कलम १२(२) मध्ये आहे. अर्ज एका वर्षात करायचा. हे वर्ष लग्नाच्या तारखेपासून नव्हे, बळजबरी थांबल्यापासून किंवा फसवणूक उघड झाल्यापासून मोजतात. पण बळजबरी नेमकी कधी थांबली यावरच निम्मी केस चालते. त्यानंतर ती राजीखुशीनं नांदली असं दिसलं की अर्ज गेला. माहेरचे 'बघ दोन महिने राहून' म्हणतात ना, तिथंच घात होतो. आणि लग्नाचा व्हिडिओ. अंतरपाटामागं पोरगी रडते, तर ते माहेर सुटतंय म्हणून रडणं असं समोरचा वकील सहज खपवतो. म्हणून लग्नाआधीचे मेसेज, मैत्रिणीला केलेले फोन, ११२ किंवा महिला हेल्पलाइन १८१ वरची तक्रार, असलं सगळं जपून ठेवायचं.

मलप्रभाकाठ
हे पटलं. पण मग वर्षाची मुदत तीन तरी करा. घरात कोंडलेली पोरगी वर्षात वकील कुठनं गाठणार?

टिळकवाडी
मुदतीला माझा विरोध नाही. कलम ११ ला आहे, आणि राहणार.

खानापूर रोड
लग्न गडहिंग्लजला लागलं आणि मुलगी आता बेळगावात असेल, तर अर्ज तिकडं का?

निपाणीकर
बायको अर्जदार असेल तर ती राहते तिथल्या कोर्टात चालतो. २००३ ची दुरुस्ती आहे. बेळगावच्या फॅमिली कोर्टात घाला. मराठी लग्नपत्रिका आणि चिठ्ठ्यांचं कन्नड किंवा इंग्रजी भाषांतर मात्र अर्जासोबतच जोडा, नाहीतर त्याच्यासाठीच एक तारीख वाया जाते.