डेंग्यूची लक्षणं तोंडपाठ, पण रात्री कुणी पीसीव्ही (रक्तातल्या लाल पेशींचं टक्केवारीतलं प्रमाण) बघत नाही. बॉन्डवरच्या, म्हणजे सक्तीची सरकारी सेवा करणाऱ्या नव्या डॉक्टर मुलांना कसं शिकवावं?

तालुका_एमओ:
आमचं 50 खाटांचं सरकारी रुग्णालय. जुलैत ज्युनिअरांचं 2 तासांचं प्रशिक्षण झालं. पाचही जण हुशार, धोक्याची लक्षणं विचारली तर धडाधडा सांगतात: पोटदुखी, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, सुस्ती.

गेल्या मंगळवारी 22 वर्षांची मुलगी, आजाराचा पाचवा दिवस, संध्याकाळी ताप उतरला. रात्रीच्या केसपेपरवर एकच ओळ: "ताप नाही, बरी आहे." सकाळी राऊंडला हातपाय गार, बीपी 90/76. रात्रीत तीनदा सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) केलेला, पण तिन्ही वेळा फक्त प्लेटलेट पाहिल्या. त्याच कागदावर हिमॅटोक्रिट, म्हणजेच पीसीव्ही, 38 वरून 47 वर गेल्याचं, म्हणजे रक्त घट्ट होत चालल्याचं, छापलेलं होतं. पोरगी वाचली. मला मात्र झोप नाही. पुन्हा तेच भाषण द्यायचं नाहीये, मग काय करू?

बालरोग_मराठवाडा:
सर, शिकवणं खाटेपाशी न्या. आमच्याकडे चार्टवर सगळ्यात वर दोनच गोष्टी, लाल पेनाने: वजन आणि ताप उतरल्याची वेळ. जोखमीचे 24 ते 48 तास साधारण तिथूनच सुरू होतात, हे मुलांच्या हाडीमासी भिनलं पाहिजे. धोक्याचं लक्षण दिसलं की नाडी-बीपी तासातासाला, पीसीव्ही दर 4 ते 6 तासांनी.

मग गणित करायला लावा, तिथंच, पेशंटसमोर. 50 किलोची बाई, धोक्याची लक्षणं आहेत, शॉक (रक्ताभिसरण कोलमडणं) नाही. सलाईन किलोमागे तासाला 5 ते 7 मिली. 6 धरले तर 300 मिली. 20 थेंबांना 1 मिलीचा सेट असेल तर मिनिटाला 100 थेंब. आमच्या पहिल्या बॅचमध्ये थेंबांपर्यंत एकच जण पोचला. आणि 1-2 तासांनी वेग कमी करायचा, हेही तितकंच घोकून घ्या. तोच 300 चा वेग रात्रभर राहिला तर सकाळी छातीत पाणी.

तुमची मुलगी शॉकमध्येच होती. वरच्या-खालच्या बीपीत 20 किंवा कमी अंतर म्हणजे शॉक, वरचा आकडा 90 असला तरी. तिला पहिल्या तासात किलोमागे 5 ते 10 मिली.

रात्रपाळी_सिस्टर:
डॉक्टर, आम्हा सिस्टरांनाही अशा प्रशिक्षणाला बसवत जा. रात्री 40 पेशंटमागे आम्ही दोघी. लघवीचं माप आम्हीच लिहितो, पण ते पान फार कमी डॉक्टर उघडतात. किलोमागे तासाला अर्ध्या मिलीपेक्षा कमी झाली की डॉक्टरांना थेट उठवायचं, असं आमच्या साहेबांनी लेखी दिलंय. तेव्हापासून फोन करताना हात थरथरत नाही.

विदर्भ_फिजिशियन:
नातेवाइकांपुढे कसं उभं राहायचं, तेही शिकवा. "प्लेटलेट 18,000 आहेत, प्लेटलेटची पिशवी का देत नाही?" हा प्रश्न नवखा डॉक्टर झेलू शकत नाही. रक्तस्राव नसेल तर आपल्या राष्ट्रीय सूचनांत मर्यादा 10,000 ची आहे. सिंगापूर-मलेशियातल्या 2017 च्या चाचणीत 20,000 किंवा त्याखाली असलेल्या प्रौढांना पिशव्या देऊनही रक्तस्राव टळला नाही. मी मुलांकडून हे वऱ्हाडीत बोलून घेतो.

तालुका_एमओ:
सिस्टर, तुमच्या साहेबांसारखं पत्र मीही इथे उद्याच काढतो. 1 ते 4 नंबरच्या खाटा सिस्टरांच्या टेबलासमोर घेतल्या, डेंग्यूचे पेशंट आता तिथेच. आज रात्री 11 ला पाचही जणांना घेऊन राऊंड आहे. मराठवाडा सर, तेवढा चार्टचा फोटो टाकाल का?